जुन्या स्लॉट कारला वेग हवा?

रेल्वेचं विजेचं इंजिन वरच्या तारेतून वीज घेतं; स्लॉट कार पोटाखालून, खाचेलगतच्या पट्ट्यांमधून. म्हणून जुनी स्लॉट कार अडखळली की मोटारीला दोष देण्याआधी गाडी उलटी करा. तांब्याचे विणलेले ब्रश काळवंडलेले, विस्कटलेले दिसतील. ते पुसून किंचित खाली वाकवा; जास्त वाकवले तर पुढची चाकं उचलली जातात. मागच्या टायरचं रबर कडक झालं असेल तर ते बदलाच. आसाला तेलाचा एकच थेंब, कम्युटेटरला अजिबात नको. १९५७ साली आलेल्या स्कॅलेक्स्ट्रिकच्या सुरुवातीच्या गाड्यांत रुळाला चिकटवून धरणारं चुंबक नव्हतं. अशा गाडीला चासीत अगदी खाली बसवलेली शिशाची पातळ पट्टी वळणावर फार उपयोगी पडते.