डेलियाची स्वतःची जात काढायची? मग हे गणित आधी बघा

डेलियात परागीकरण कसं करायचं ते व्हिडिओत दाखवलं. इथे धंद्याची बाजू बघू, कारण पैसा आणि वेळ दोन्ही तिथेच अडकतात.

कंदापासून किंवा छाटकलमापासून लावलेला डेलिया हुबेहूब आईसारखा येतो. बियांचं तसं नाही. डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण 64. त्यामुळे एकाच बोंडातल्या दहा बिया पेरल्या तर दहा वेगळी झाडं मिळतात. म्हणजे नवीन झाड मिळणं सोपं आहे. शंभर बिया पेरा, शंभर नवीन झाडं! अवघड आहे ते त्यातली नव्व्याण्णव उपटून टाकणं. रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांनी ‘भिक्खूज मदर’सारख्या भारतीय जाती काढल्या, त्यामागेही हेच काम आहे.

संभाजीनगरच्या हवेचा एक फायदा आहे. थंड देशात बोंड पिकायच्या आत पाऊस आणि कडक थंडी गाठते. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारी कोरडे जातात, त्यामुळे बी झाडावरच व्यवस्थित वाळतं. फक्त कळी आणि बोंड यांत गफलत नको: कळी गोल आणि चपटी, बोंड टोकदार.

आता निवड. पेरण्याआधीच ठरवा, फूल कापून विकायचं की झाड कुंडीत विकायचं? दोन्हीला चालेल असं झाड शोधत बसाल तर एकही धड हाताला लागणार नाही. बुकेवाल्याला लांब, ताठ दांडा आणि वर तोंड केलेलं मध्यम फूल लागतं. ताटाएवढं फूल प्रदर्शनात बक्षीस मिळवतं, पण बादलीत मान टाकतं. कुंडीला बुटकं, फुटवे भरपूर असलेलं झाड हवं. कापल्यावर डेलियाची कळी नीट उमलत नाही, म्हणून जवळपास पूर्ण उमललेलं फूल सकाळी कापा, साध्या पाण्यात एसीशिवाय ठेवा आणि दिवस मोजा. रंगावर भाळून मार्क देऊ नका, हा माझा आग्रह आहे.

खरी परीक्षा मात्र मे महिन्यात होते. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उघड्यावरचे कंद सुकतात, जास्त ओलीत ठेवलेले कुजतात. सावलीत, जेमतेम ओलसर वाळूत ठेवा. डेलियाचा डोळा बटाट्यासारखा कंदावर नसतो, तो खोडाला चिकटलेल्या मानेवर असतो. मान तुटली तर कंद कितीही गुबगुबीत असो, फुटणार नाही. जे झाड आपला उन्हाळा काढत नाही, ते फूल कितीही देखणं असलं तरी माझ्या मते बाद.

आता हिशोब. समजा एका झाडाच्या गड्ड्याचे डोळ्यासकट चार तुकडे झाले. दुसऱ्या हंगामात चार झाडं, तिसऱ्यात सोळा. कोंबांची छाटकलमं केली तर वेग वाढतो, पण आईला मोझॅक विषाणू असेल तर प्रत्येक कलमात तोच जातो. पानं पिवळट, चट्टेरी दिसली तर ते झाड लगेच काढा. सोळा झाडांवर ऑर्डर घेऊ नका!

आणि कागदपत्रं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 चा आहे. त्यात अशा पिकाच्या नोंदणीकृत वाणाला 15 वर्षं संरक्षण मिळतं. आधी आपलं पीक अधिसूचित यादीत आहे का ते तपासा. आहे असं दिसलं तर तारीख सांभाळा: भारतात तुमच्या संमतीने विक्री सुरू होऊन वर्ष उलटलं की त्या वाणाचा ‘नवीन’ म्हणून अर्ज चालत नाही. बरेच जण ‘ट्रायल’ म्हणून ओळखीत कंद विकतात आणि वर्ष कधी सरलं ते कळत नाही. ट्रायलचे कंद द्या, पण विकू नका. आणि कोणाला किती दिले ते वहीत लिहून सही घ्या.

नावाचंही तसंच. वाणाचं नोंदवलेलं नाव ट्रेडमार्क म्हणून घेता येत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं बघा: निशिगंधाची ‘फुले रजनी’, ग्लॅडिओलसची ‘फुले गणेश’, ‘फुले तेजस’. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा वाणाचा. (फुलांच्या वाणाला ‘फुले’ आडनाव, याहून चांगलं ब्रँडिंग काय असणार!) तुम्ही दुकानाचं नाव ट्रेडमार्कसाठी राखा आणि वाणाला वेगळं, छोटं, गिऱ्हाइकाला फोनवर सांगता येईल असं नाव द्या.

बी पेरायचं असेल तर सप्टेंबर धरा. साधारण तीन महिन्यांत पहिलं फूल दिसतं, आणि उपटायला सुरुवात तिथूनच.