रिकाम्या वास्तूंचे मोल

फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील स्ट्रासबर्ग शहरात, इल नदीच्या काठी, युरोपीय संसदेची एक भव्य वास्तू उभी आहे. लुईझ वाइस या फ्रेंच लेखिकेचे नाव तिला दिलेले असून १९९९ साली ती वापरात आली. साडेसातशे आसनांचे अर्धवर्तुळाकार सभागृह, दुभाष्यांचे कक्ष आणि हजाराहून अधिक कार्यालयीन खोल्या असा तिचा पसारा आहे. येथे संसदेची वर्षाकाठी बारा अधिवेशने भरतात आणि प्रत्येक अधिवेशन सोमवार ते गुरुवार असे चार दिवस चालते. बारा चोक अठ्ठेचाळीस. वर्षातील उरलेले तीनशेहून अधिक दिवस सभागृह आणि बहुतेक खोल्या रिकाम्या असतात. समित्यांचे कामकाज ब्रुसेल्सला चालते, सचिवालयाचा काही भाग लक्झेंबर्गला आहे. पहारा, देखभाल, दुरुस्ती आणि हिवाळ्यातील ऊब यांचा खर्च मात्र सभासद नसले म्हणून थांबत नाही.

या व्यवस्थेची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ती कोणाच्या लहरीतून जन्मलेली नाही. १८७१ ते १९४४ या काळात स्ट्रासबर्ग चार वेळा एका राष्ट्राच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले. फ्रान्स आणि जर्मनी यांच्या वैराची जेथे जखम होती, तेथेच समेटाचे पीठ असावे, अशी युद्धोत्तर नेत्यांची भावना होती. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या युरोप परिषदेचे कार्यालय तेथे आले आणि पुढे युरोपीय संसदेने दीर्घकाळ त्या परिषदेच्याच सभागृहात आपली अधिवेशने भरविली. १९९२ साली एडिंबरो येथे सदस्य राष्ट्रांच्या प्रमुखांनी बारा अधिवेशनांचा निर्णय केला आणि १९९७ च्या ॲम्स्टरडॅम कराराने त्याला तहाचे बळ दिले. हा तह बदलावयाचा तर सर्व सदस्य राष्ट्रांचे एकमत हवे, आणि फ्रान्स ते देणार नाही. एकाच आठवड्यात दोन अधिवेशने उरकण्याची युक्ती संसदेने योजून पाहिली. डिसेंबर २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात, आपले पीठ कोठे असावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला असावा, असा ठराव संसदेने ४८३ विरुद्ध १४१ मतांनी संमत केला. परिस्थिती होती तेथेच राहिली.

अशा वास्तूची किंमत काय करावयाची? २०१४ साली युरोपीय संघाच्या लेखापरीक्षण संस्थेने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे असे आहे. सर्व कामकाज ब्रुसेल्सला नेल्यास दरवर्षी ११ कोटी ४० लाख युरोंची बचत होईल, असा तिचा अंदाज होता. त्याखेरीज, स्ट्रासबर्गच्या इमारती विकल्या गेल्या तर एकदाच ६१ कोटी ६० लाख युरोंचा लाभ होईल. त्या विकल्या गेल्या नाहीत तर उलट ४ कोटी युरोंचा भुर्दंड बसेल. त्याच इमारती, तेच दगड, तीच काच. आणि दोन अंदाजांत साडेपासष्ट कोटींहून अधिक युरोंचे अंतर!

हे अंतर हिशेबनिसाच्या चुकीचे नव्हे. खरेदीदार मिळणार की नाही, या एकाच प्रश्नाचे ते अंतर आहे. सामान्य कार्यालयीन इमारतीला बाजार असतो: आज विमा कंपनी गेली, उद्या बँक येईल. परंतु साडेसातशे आसनांचे सभागृह आणि दोन डझन भाषांच्या दुभाष्यांसाठी केलेली रचना कोणाला हवी असणार? वास्तू एका विशिष्ट कामासाठी जितकी अधिक घडविलेली, तितका तिचा बाजार अरुंद. लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. घर पाहावे विकून, हेही त्याला जोडावयास हरकत नाही.

येथे मूल्याच्या तीन कल्पना अलग केल्या पाहिजेत. पहिली, वास्तू बांधावयास किती पैसा लागला. दुसरी, आज बाजारात ती काय आणील. तिसरी, तिचा जो वापर आज होत आहे त्याऐवजी अधिक चांगला कोणता वापर होऊ शकला असता. अर्थशास्त्रात जिला पर्यायी संधीची किंमत म्हणतात ती. सार्वजनिक चर्चेत बहुधा पहिल्याच मूल्याचा घोष होतो: एवढा पैसा ओतला, आता ती सोडावयाची कशी? वस्तुतः तो पैसा गेलेला आहे. वास्तू ठेवली तरी तो परत येत नाही आणि सोडली तरी परत येत नाही. पुढच्या निर्णयाला त्याचा उपयोग शून्य. निर्णयाला उपयोगी पडतात ती दुसरी आणि तिसरी मूल्ये, आणि नेमकी तीच हिशेबवहीत सहसा आढळत नाहीत.

ती का आढळत नाहीत, याची कारणे आंतरराष्ट्रीय संघटनांच्या घडणीतच आहेत. पहिले कारण हिशेबपद्धतीचे. संयुक्त राष्ट्रांनी सार्वजनिक संस्थांसाठीची आंतरराष्ट्रीय लेखामानके २०१४ साली स्वीकारली. तोवर इमारतींचा दरसालचा घसारा त्यांच्या हिशेबात धरला जात नसे. म्हणजे छप्पर गळू लागेपर्यंत वास्तू जुनी होत आहे, हे वही सांगतच नव्हती. नव्या पद्धतीत तशीच वास्तू आज बांधण्यास काय लागेल, त्यातून झीज वजा जाता काय उरते, असे मूल्य काढले गेले. ही प्रगती निश्चित आहे. परंतु या मापाने माणसांनी गजबजलेली खोली आणि वर्षभर कुलूप लागलेली खोली यांचे मोल सारखेच भरते. वास्तू किती झिजली हे आता कळते. किती वापरली गेली, हे कळत नाही.

दुसरे कारण यजमान राष्ट्रांच्या औदार्याचे. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय केंद्राची उत्तुंग वास्तुसंकुले १९७९ मध्ये ऑस्ट्रियाने संयुक्त राष्ट्रांच्या हवाली केली, ती ९९ वर्षांच्या कराराने आणि वर्षाला एक शिलिंग भाड्याने. शिलिंग जाऊन युरो आल्यावर हे भाडे सात सेंट झाले. न्यूयॉर्कच्या मुख्यालयाची जमीन धाकट्या जॉन रॉकफेलर यांनी १९४६ साली दिलेल्या ८५ लाख डॉलरांतून आली. जिनीव्हाच्या राष्ट्रसंघ भवनाचे उद्यान म्हणजे मूळची एका नागरिकाने शहराला मृत्युपत्राने दिलेली देणगी. या औदार्याबद्दल कृतज्ञता असावीच. परंतु भाडे हा केवळ खर्च नसतो. तो एक संदेशही असतो. जागा दुर्मीळ आहे, जपून वापरा, असे तो दर महिन्याला सांगत असतो. सात सेंटांचे भाडे असे काहीच सांगत नाही.

तिसरे कारण मालकीचे. १९३ राष्ट्रांची मालकी म्हणजे व्यवहारात कोणाचीच नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अर्थसंकल्पात भारताचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. एखादा मजला रिकामा राहिल्याने जे नुकसान होते त्याचा शंभरावा हिस्सा भारताच्या वाट्याला येणार. तो वाचविण्यासाठी आपला प्रतिनिधी यजमान राष्ट्राशी वाकडेपणा कशाला घेईल? उलट, ती वास्तू जेथे उभी आहे त्या शहराला मात्र तिथली हॉटेले, नोकऱ्या आणि प्रतिष्ठा यांचा संपूर्ण लाभ मिळत असतो. लाभ एकवटलेला आणि तोटा विखुरलेला असला की जैसे थे स्थिती टिकते.

स्वतःची वास्तू घेण्याऐवजी भाड्याची घेतली तर प्रश्न सुटतो काय? लंडनमधील युरोपीय औषध संस्थेचे उदाहरण तसे सांगत नाही. तिने २०३९ पर्यंतचा, मध्येच सोडून जाण्याची मुभा नसलेला भाडेकरार केला होता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडू लागल्यावर २०१९ च्या मार्चमध्ये संस्थेला ॲम्स्टरडॅमला जावे लागले. त्यापूर्वीच, फेब्रुवारीत, ब्रिटनच्या बाहेर पडण्यामुळे करार संपुष्टात येत नाही, असा निवाडा लंडनच्या उच्च न्यायालयाने दिला होता. संस्थेने जागा पोटभाड्याने दिली. ती घेणाऱ्या वीवर्क कंपनीने २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा आश्रय घेतला. मालकीत भांडवल अडकते, तर लांबलचक भाडेकरारात भविष्य अडकते. तात्पर्य, मालकी की भाडे हा दुय्यम प्रश्न आहे. गरज बदलली असता हात मोकळे करून घेता येतात की नाही, हा मुख्य प्रश्न.

मग करावे काय? पहिला उपाय अगदी साधा आहे: मोजणी. कोणती खोली वर्षातून किती दिवस वापरात असते, याची नोंद ठेवून ती प्रसिद्ध करावी. दुसरा उपाय अंतर्गत भाड्याचा. प्रत्येक विभागाच्या अंदाजपत्रकात त्याने व्यापलेल्या जागेचे, त्या शहरातील दराने, भाडे मांडावे; जागा परत करणाऱ्या विभागाला त्या बचतीचा काही हिस्सा आपल्या कामासाठी वापरू द्यावा. जी वस्तू फुकट मिळते तिची साठेबाजी होते, हा नियम खोल्यांनाही लागू आहे. तिसरा उपाय रिकाम्या दिवसांचा. वीज मंडळाची यंत्रणा संध्याकाळच्या सर्वाधिक मागणीसाठी उभारलेली असते, आणि मध्यरात्रीची वीज स्वस्त दिली तरी मंडळाचे नुकसान होत नाही. त्याच न्यायाने अधिवेशन नसलेल्या दिवशी सभागृह विद्यापीठांना, विद्वत्परिषदांना केवळ वाढीव खर्चावर द्यावयास हरकत नसावी. स्ट्रासबर्गच्या सभागृहात ‘युरोस्कोला’ या उपक्रमाखाली शाळकरी तरुण येऊन बसतात आणि चर्चा करतात. २०२० च्या साथीत तिथल्या इमारतींत तपासणी केंद्र उघडले गेले आणि स्वयंपाकघरांत गरजूंसाठी अन्न शिजले. दुसरा उपयोग अशक्य नसतो, हे यावरून दिसते. अडचण आहे ती कायद्याची. अशा संघटनांच्या वास्तू यजमान राष्ट्राच्या अधिकारापासून संरक्षित असतात, आणि तेथे बाहेरचा भाडेकरू आणला की हे संरक्षण कोठवर पोचते, असा पेच उभा राहतो. यजमान करारांतच याची तरतूद हवी.

या प्रश्नाला आज एरवीपेक्षा अधिक धार आहे. वर्गणी थकल्यामुळे २०२३ च्या डिसेंबरात जिनीव्हाचे राष्ट्रसंघ भवन काही आठवडे बंद ठेवावे लागले. वीज आणि ऊब परवडत नव्हती. २०२५ मध्ये तर पुढच्या वर्षाच्या नियमित अर्थसंकल्पात सुमारे १५ टक्के कपात सुचविण्याची पाळी महासचिवांवर आली. अशा वेळी रिकाम्या दालनावर खर्च होणारा पैसा हा दुसऱ्या कोणत्या तरी कामातून, कोणाच्या तरी वेतनातून काढलेला पैसा असतो.

तरीही केवळ रुपये-आणे-पैचा हिशेब करून स्ट्रासबर्गला कुलूप लावा, असे म्हणणे अर्थशास्त्राला धरून होणार नाही. महाराष्ट्रीय वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. वर्षातून एक तरी अधिवेशन नागपूरला व्हावे, हे वचन १९५३ च्या नागपूर कराराने दिले. तिथले विधानभवन वर्षातून थोडेच दिवस गजबजते, म्हणून ते वचन निरर्थक ठरत नाही. विदर्भाच्या दृष्टीने त्या वास्तूचा खरा उपयोग राज्यातील आपले स्थान मान्य होण्यात आहे. स्ट्रासबर्गचेही तसेच आहे. वर्षाचे ११ कोटी ४० लाख युरो त्या वेळच्या युरोपीय संघाच्या पन्नास कोटी नागरिकांवर विभागले तर माणशी पाव युरोही पडत नाही. दोन महायुद्धांच्या स्मृतीपुढे ही रक्कम कोणाला जड वाटणार नाही, आणि कोणाला वाटेलही. निवड नागरिकांची आहे.

पण निवड करावयाची तर किंमत समोर हवी. समेटाच्या प्रतीकासाठी आम्ही दरवर्षी इतकी रक्कम देत आहोत, असे अंदाजपत्रकात स्वतंत्र रकान्यात लिहावे, आणि दरवर्षी त्यावर मत घ्यावे. आज तीच रक्कम देखभाल, प्रवास, पहारा आणि भत्ते अशा निरनिराळ्या शीर्षकांखाली विखरून पडते आणि कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. ज्या प्रतीकावर लोकांची खरोखर श्रद्धा आहे, त्याला आपला खर्च लपविण्याचे कारण नाही.