‘क्रेडिट’ : एक शब्द, अनेक खाती

मेहरूण हे एके काळी जळगावच्या वेशीबाहेरचे गाव होते. आज ते शहरातच सामावले आहे. तलावासाठी आणि बोरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या परिसरातील एखाद्या घराची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. आजोबांच्या मोबाइलवर पेन्शन ‘क्रेडिट’ झाल्याचा संदेश येतो. मुलाला क्रेडिट कार्डाचे बिल भरायचे असते. नातवाला या सत्रात २२ क्रेडिट मिळवायचे असतात आणि सूनबाईंची तक्रार असते की, कार्यालयात काम त्यांनी केले, क्रेडिट मात्र दुसऱ्यानेच घेतले. न्याहारी आटोपेपर्यंत एकच इंग्रजी शब्द चार वेळा येऊन जातो आणि चारही वेळा त्याचा अर्थ निराळा असतो. तरीही कोणाचे अडत नाही, कारण बोलताना संदर्भच अर्थ सांभाळून घेतो. पैशाच्या व्यवहारात मात्र तो सांभाळून घेईलच असे नाही.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा गाभा आहे ‘विश्वास ठेवणे’. ज्याच्यावर विश्वास त्याला माल उधार मिळतो, ज्याच्या शब्दावर विश्वास त्याची बाजारात पत असते, आणि केलेल्या कामाबद्दल लोक ज्याच्यावर विश्वास ठेवतात त्याला श्रेय मिळते. मराठीत यांसाठी जमा, उधार, पत आणि श्रेय असे स्वतंत्र, नेमके शब्द पिढ्यान्‌पिढ्या होते. आपण ते सारे एकाच इंग्रजी पिशवीत कोंबले आणि मग कोणता अर्थ हाताला लागेल, या संभ्रमात पडलो!

सर्वांत मोठा संभ्रम जमाखर्चाचा आहे. खात्यात पैसे आले तर ‘क्रेडिट’, आणि क्रेडिट कार्डाने खरेदी केली तर कर्ज, हे कसे? याचे उत्तर वही कोणाची आहे यात दडले आहे. लुका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदपद्धती सविस्तर मांडली. आपल्याकडील देशी नामापद्धतीतही ‘जमा’ आणि ‘नावे’ या दोन बाजू होत्याच. फरक इतकाच की आपल्या वहीत जमेची बाजू डावीकडे आणि पाश्चात्त्य वहीत ती उजवीकडे. ज्याने दिले त्याच्या खाती जमा, ज्याने घेतले त्याच्या नावे, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच. दिवाळीत ज्या घरांत आजही वहीपूजन होते, तेथील जुन्या मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पासबुक ही ग्राहकाची वही नव्हे. ती बँकेच्या खतावणीतील त्याच्या खात्याची नक्कल आहे. ठेवीदाराने पैसे दिले, म्हणून बँकेने ते त्याच्या खाती जमा धरले. बँकेच्या ताळेबंदात ही ठेव ‘देणे’ या बाजूला दिसते. कार्डावर खरेदी होते तेव्हा बँक दुकानदाराला पैसे देते आणि तेवढी रक्कम ग्राहकाच्या नावे टाकते. कार्डावरील ‘क्रेडिट लिमिट’ म्हणजे आपली शिल्लक नव्हे, तर आपल्याला कितपत उधार द्यावे याविषयी बँकेने केलेला अंदाज होय. पहिलेच कार्ड हाती आलेल्या तरुणांना हा भेद बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या बिलानंतर उमगतो.

इतर अर्थ थोडक्यात पाहू. विद्यार्थ्याचे क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचे माप. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२०, तर चार वर्षांच्या पदवीस १६० क्रेडिट लागतात. व्यापाऱ्यांचे ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ पोर्टलवरील खात्यात दिसत असले, तरी ते रोकड नव्हे. त्यातून कर फेडता येतो, मालाचे पैसे नव्हे. आणि मोबाइलवर आलेला ‘क्रेडिटेड’ हा शब्द म्हणजे प्रत्यक्ष जमाही नव्हे. ‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा’ असे सांगून फसविणारे अशाच खोट्या संदेशाचा आधार घेतात. संदेश बाजूला ठेवून आधी खात्यातील शिल्लक पाहावी. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही.

खानदेशाच्या दृष्टीने या शब्दाचा सर्वांत जिव्हाळ्याचा अर्थ मात्र पाटीवर असतो : ‘को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी’, म्हणजे पतसंस्था. १९०४ च्या कायद्याने भारतात सहकारी पतसंस्थांचा पाया घातला. बँकेच्या दारात ज्याला उभे राहणे अवघड, अशा छोट्या दुकानदारास व शेतकऱ्यास या संस्थांनी हात दिला, हे विसरून चालणार नाही. पण गेल्या दोन दशकांत जळगाव जिल्ह्यातील अनेक पतसंस्थांच्या ठेवीदारांना स्वतःच्याच पैशांसाठी खेटे घालावे लागले. मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी ठेवलेली रक्कम पासबुकात जमा दिसत होती. हाती मात्र येत नव्हती.

ठेव विमा व पतहमी महामंडळाचे संरक्षण व्यापारी व सहकारी बँकांतील ठेवींना आहे. १९६२ मध्ये ते प्रति ठेवीदार १,५०० रुपये होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपये झाले. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. बँकिंग नियमन कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाल्यावर, परवानगीवाचून नावात ‘बँक’ शब्द वापरणाऱ्या सहकारी संस्थांबाबत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जनतेला सावधही केले. तरीही घराघरांत पतसंस्थेला सर्रास ‘आमची बँक’ म्हटले जाते. काउंटर तसाच, पासबुक तसेच, आणि व्याजाचा दर अर्धा-एक टक्का अधिक. मग दोन शब्दांतील अंतर कोणाच्या लक्षात येणार?

ते अंतर कागदावर मात्र दिसते. वार्षिक सभेच्या सुमारास सभासदांना अहवाल मिळतो. त्यात थकीत कर्जे किती, त्यांसाठी तरतूद किती आणि लेखापरीक्षकाने कोणता वर्ग दिला, ही माहिती असते. सभेनंतरच्या अल्पोपाहाराची वाट पाहता पाहता ही दोन-तीन पाने सहज वाचून होतात.