गळाला गांडूळ

मृगाचा पाऊस पडला की हिंगोलीकडची काळी रानं मऊ होतात. उन्हाळाभर भेगाळलेली भुई मिटते. कयाधूला पाणी येतं. मग पोरं काठी, दोरी अन् गळ घेऊन नदीकडे निघतात. कुणाच्या हातात नारळाची करवंटी असते. करवंटीत काय? वळवळणारी गांडुळं!

मासा गांडुळाला का भुलतो? पहिल्या पाण्याबरोबर काठची माती नदीत येते. मातीत किडे असतात, गांडुळं असतात. माशाला हा घास ओळखीचा आहे. पाणी गढूळ असलं तर डोळ्यांचा उपयोग थोडा. मागूर अन् शिंगटी यांच्या तोंडाला मिशा असतात. त्या मिशांनी ते चिखलात चाचपडून खाणं शोधतात. वाम तळाशी दडून बसते अन् दिवस मावळला की बाहेर पडते. गांडुळाला लागतात ते मुख्यतः असे मासे. मरळही लागते, पण तिला जिता बेडूक किंवा लहान मासा जास्त आवडतो. कटल्याची गोष्ट निराळी. तो पाण्याच्या वरच्या थरातले अगदी बारीक जीव गाळून खातो. त्याच्यासाठी गांडूळ लावून बसाल तर दिवस फुकट जाईल.

गांडूळ शोधायला लांब जायला नको. गोठ्यामागची ओल, जुना उकिरडा, मोटेच्या जुन्या थारोळ्याजवळची किंवा पाटाकडेची माती, इथं वीतभर खणलं की मिळतात. उन्हाळ्यात मात्र ती ओलीच्या मागं खोल जातात. काही जण मातीत साबणाचं किंवा मिरचीचं पाणी ओततात. गांडुळं वर येतात खरी, पण तो प्रकार वाईट. अंग भाजलेलं गांडूळ टिकत नाही, अन् लागणार नाहीत ती गांडुळंही मरतात. औषध फवारलेल्या रानातली तर घेऊच नका. तो मासा शेवटी आपल्याच ताटात येणार.

गांडुळाला नाक नाही, फुप्फुस नाही. ते ओल्या कातडीनं श्वास घेतं. कातडी वाळली की ते मरतं. म्हणून करवंटीत ओली माती घाला, वर ओलं गोणपाट टाका अन् सावलीत ठेवा. डबा असेल तर त्याला भोकं पाडा. पाणी भरू नका.

आता गळ. गांडुळाच्या एका टोकातून गळ आत घाला अन् अंगातून सरकवत न्या. शेपटाचं बोटभर टोक मोकळं ठेवा. त्याची वळवळच माशाला बोलावते. मासे लहान असतील तर तुकडा पुरे. दोरीला ज्वारीच्या वाळल्या धाटाचं पेर बांधलं की ते पाण्यावर तरंगतं. पेर एकदा हललं की लगेच हिसका देऊ नका. मासा आधी चाखतो. पेर बुडून चाललं की मग ओढा.

किती गांडुळं न्यावीत? एका संध्याकाळला वीस-पंचवीस पुष्कळ झाली. उरलेली पुन्हा ओल्या मातीत सोडा. "तोडलं तर एकाची दोन होतात," असं लोक म्हणतात. ते खरं नाही. पुढचा भाग कधी कधी जगतो, मागचा मरतो. अन् हा जीव रानाच्या कामाचा आहे. इंग्लंडातल्या डार्विन नावाच्या शास्त्रज्ञानं १८८१ साली गांडुळांवर पुस्तकच लिहिलं. कुंडीत गांडुळं पाळून त्यानं त्यांना बाजासुद्धा ऐकवला! गांडुळांना ऐकू आलं नाही, पण कुंडी बाजावर ठेवली तेव्हा हादरा कळला. गांडुळं माती गिळतात, वर आणून टाकतात, अन् त्यांच्या बिळांतून पाणी मुरतं, हे त्यानं दाखवलं. उकिरड्यातली चार नेली म्हणून काही बिघडत नाही. पेरणीचं रान खणून मात्र काढू नका.

सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर अशा धरणांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. तिथं विचारून बसावं. त्यावर कुणाची तरी चूल पेटते. पावसाच्या तोंडी पोटात गाभोळी असलेली मासळी मिळाली तर सोडलेली बरी.

गळाचा उलटा काटा बोटात रुतला तर मागं ओढू नका, मांस फाटतं. दवाखान्यात जा अन् धनुर्वाताची सुई घ्या. मागूर, शिंगटी यांच्या कल्ल्यामागच्या काट्यांना जपा. काटा लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा, कळ कमी होते. मग दवाखाना गाठा.

धरणाच्या खाली बसला असाल तर भोंग्याकडे कान ठेवा. वर पाणी सुटलं की खाली ते झपाट्यानं चढतं. काठच्या काड्या तरंगू लागल्या, पाय ठेवलेला दगड भिजू लागला, की उठा अन् वर चढा. काठी राहिली तर राहू द्या.