गव्हाच्या मुलखांतील सरकारी पेढी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें नांव निघालें कीं आमच्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें न्यूयॉर्कचे गगनचुंबी वाडे आणि खाजगी भांडवलाचे कोट्यधीश उभे राहतात. सरकारनें व्यापारांत हात घालूं नये, हें जणूं त्या राष्ट्राचें वेदवाक्यच, असा आपला समज असतो. परंतु त्याच राष्ट्राच्या पन्नास संस्थानांपैकीं एक असें आहे कीं, तेथें पेढी सरकारची आहे, पिठाची गिरणीहि सरकारची आहे, आणि हे दोन्ही कारखाने शंभर वर्षांहून अधिक काळ चालूं आहेत. हें संस्थान म्हणजे उत्तर डकोटा. तेथें साम्यवाद्यांचें राज्य कधींहि झालें नाहीं. तेथील मतदार बहुतेक निवडणुकांत जुन्या वळणाच्या रिपब्लिकन पक्षासच कौल देतात. तेव्हां हा प्रकार घडला कसा, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं मुद्दाम समजून घेण्यासारखें आहे.

उत्तर अमेरिका खंडाच्या जवळजवळ मध्यावर, कॅनडाच्या सरहद्दीस लागून हा मुलूख पसरला आहे. क्षेत्रफळ सुमारें ७०,७०० चौरस मैल. परंतु २०२० च्या शिरगणतींत लोकसंख्या भरली अवघी ७,७९,०९४. पूर्वेस रेड नदीचें खोरें आहे. हिमयुगाच्या अखेरीस येथें एक अफाट सरोवर होतें. तें आटल्यावर मागें राहिलेला काळा गाळ इतका सपाट आहे कीं, नदीस कोणीकडे वाहावें हेंच सुचूं नये. ती वाहते उत्तरेस, कॅनडांत. आणि वसंतांत दक्षिणेकडील बर्फ आधीं वितळतें व उत्तरेकडील पात्र गोठलेलेंच असतें, म्हणून पूर येतो. १९९७ सालीं ग्रँड फोर्क्स शहर अशाच पुराखालीं गेलें. पश्चिमेस मिसूरी नदीपलीकडे पाऊस कमी व जमीन उंचसखल. तेथें गुरें चरतात, कोळसा व तेल निघतें.

गोऱ्या लोकांच्या आगमनापूर्वीं मिसूरीच्या कांठीं मँडन, हिडात्सा व अरिकारा या जमाती मका, घेवडा व भोपळा पिकवून वस्ती करून राहत होत्या. १८०४ च्या हिवाळ्यांत लुईस व क्लार्क यांची सरकारी तुकडी त्यांच्याच शेजारीं तळ देऊन राहिली. १८३७ सालीं आगबोटीबरोबर देवीची सांथ आली आणि मँडन लोक जवळजवळ नामशेष झाले. पुढें १८६१ सालीं डकोटा प्रांत झाला, आगगाडी आली, आणि जर्मन भांडवल खेंचावें म्हणून रेल्वे कंपनीनें एका गांवास जर्मनीच्या मुख्य प्रधानाचें नांव दिलें. तें बिस्मार्क गांव आज राजधानी आहे. २ नोव्हेंबर १८८९ रोजीं उत्तर व दक्षिण अशा दोन्ही डकोटांस संस्थानाचा दर्जा मिळाला. कोणती थोरली, कोणती धाकटी, हा तंटा राहूं नये म्हणून अध्यक्ष हॅरिसन यांनीं कागद झांकून सह्या केल्या, असें सांगतात.

आतां मुख्य गोष्ट. गहू पिकवावयाचा डकोटानें आणि त्याची प्रत ठरवावयाची शेजारच्या मिनेसोटांतील मिनिआपोलिसच्या बाजारानें, अशी तेथें रीत पडली होती. वखारवाले, आडते, गिरणीवाले व रेल्वे यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले. कर्ज देणाऱ्या पेढ्याहि त्यांच्याच बाजूच्या. खरेदीच्या वेळीं गहू हलक्या प्रतीचा ठरे. तोच मिसळून विकतांना वरच्या प्रतीचा होई. कसर, तोलाई व घट यांच्या नांवाखालीं काय काय करितां येतें, हें आमच्या वाचकांस शिकविण्याची गरज नाहीं. १९१६ सालीं तांबेरा पडून दाणा सुरकुतला, तेव्हां तो गुरांच्या खाद्याच्या प्रतीचा ठरविण्यांत आला. फार्गो येथील कृषि महाविद्यालयाचे रसायनशास्त्रज्ञ एडविन लॅड यांनीं असा गहू दळून पाहिला. त्याचें पीठ पावास उत्तम निघालें! एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेनें शंभर सभांचें काम केलें.

शेतकऱ्यांनीं सनदशीर मार्ग सोडला नव्हता. सरकारी वखार बांधण्यास मोकळीक देणाऱ्या घटनादुरुस्तीस त्यांनीं १९१२ व १९१४ अशीं दोनदां मतें दिलीं. तथापि १९१५ सालीं कायदेमंडळानें वखारीचें काम फेंटाळून लावलें. त्या वेळीं एका सभासदानें शेतकऱ्यांस घरीं जाऊन डुकरांस चारा घालण्यास सांगितलें, अशी वार्ता सर्वत्र पसरली. तो गृहस्थ तें नाकारीत राहिला, पण लोकांस जें खरें वाटावयाचें तें वाटलें.

त्याच वर्षीं ए. सी. टाउनली नांवाच्या, जवसाच्या पिकांत दिवाळें निघालेल्या शेतकऱ्यानें ‘नॉनपार्टिझन लीग’ म्हणजे पक्षनिरपेक्ष संघ काढला. त्याचे प्रचारक फोर्ड मोटारींतून शेतोशेत हिंडत आणि वर्गणी पुढील तारखेच्या चेकानेंहि घेत. या संघाची खरी युक्ति अशी कीं, त्यानें नवा पक्ष उभारला नाहीं. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार प्राथमिक निवडणुकींत मतदारच ठरवीत. तेथेंच संघानें आपलीं माणसें उभीं केलीं. १९१६ सालीं लिन फ्रेझियर हा शेतकरी मोठ्या बहुमतानें गव्हर्नर झाला, आणि १९१८ च्या निवडणुकीनंतर दोन्ही सभागृहें संघाच्या हातीं आलीं. १९१९ च्या एकाच अधिवेशनांत सरकारी पेढी, सरकारी गिरणी व वखार, गारपिटीचा विमा आणि कामगारांस अपघाताबद्दल भरपाई, इतके कायदे झाले. देखरेखीस गव्हर्नर, ॲटर्नी जनरल व कृषि-आयुक्त अशा तीन निर्वाचित अधिकाऱ्यांचें मंडळ नेमलें. २८ जुलै १९१९ रोजीं वीस लक्ष डॉलर भांडवलावर पेढी उघडली.

विरोध अर्थातच झाला. कांहीं करदाते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९२० सालीं त्या न्यायालयानें निर्णय दिला कीं, आपल्या लोकांच्या हितासाठीं संस्थानानें असे उद्योग चालविणें घटनाबाह्य नाहीं. मोठ्या शहरांतील सराफांनीं मात्र सरकारी रोखे घेण्याचें टाळलें. महायुद्धानंतर गव्हाचे भाव कोसळले. आणि संघाच्या पुढाऱ्यांनींहि हिशेबांत ढिलाई दाखविली. ती गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. मतदारांनीं १९२० सालीं घटनेंत घातलेला, मुदतीपूर्वीं अधिकाऱ्यास परत बोलावण्याचा हक्क त्यांच्यावरच चालविला गेला. २८ ऑक्टोबर १९२१ रोजीं सुमारें चार हजार मतांच्या फरकानें फ्रेझियर यांस खुर्ची सोडावी लागली. मंडळाचे इतर दोघे सभासदहि गेले. अमेरिकेंत गव्हर्नरास असें दूर करण्याचा हा पहिलाच प्रसंग. दुसरा घडला तो २००३ सालीं कॅलिफोर्नियांत.

आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत बोधप्रद भाग यापुढें आहे. त्याच दिवशीं त्याच मतदारांपुढें पेढी व इतर सरकारी उद्योग मोडण्याचे प्रस्तावहि होते, आणि ते त्यांनीं फेंटाळले. चालविणारे नकोत, पण उद्योग राहूं द्या, असा तो कौल होता! ग्रँड फोर्क्सची गिरणी १९२२ सालीं सुरू झाली ती विरोधकांच्याच कारकीर्दींत. तिला पुष्कळ वर्षें तोटा आला. आज ती नफ्याचा भाग सरकारी तिजोरींत भरते. पेढीचें धोरणहि पाहण्यासारखें आहे. संस्थानाचा सर्व सरकारी पैसा तिच्यांत ठेवावा लागतो, आणि ठेवींची हमी खुद्द संस्थान देतें. मात्र ती गांवोगांवच्या खाजगी पेढ्यांचा धंदा हिरावून न घेतां बहुधा त्यांच्या भागीदारीनेंच कर्जें देते. लहान सावकाराचा शत्रु म्हणून जिची धास्ती घेतली, ती त्याची पाठीराखी झाली.

राज्यकारभाराची घडी साधी आहे. कायदेमंडळ दोन वर्षांतून एकदां, विषम सालीं भरतें व त्यास कामाचे फार तर ऐशीं दिवस मिळतात. कायदा करण्याचा वा मोडण्याचा प्रस्ताव सह्या गोळा करून मतदारहि मांडूं शकतात. १९५१ सालीं टायोगाजवळ तेल सांपडलें, आणि २००६ नंतर त्याची लाट उसळली. त्या वेळीं मतदारांनीं २०१० सालीं घटनेंतच तरतूद केली कीं, तेल व वायूच्या कराचा ३० टक्के भाग पुढील पिढ्यांच्या निधींत जावा.

एवढी जागरूकता ज्यांच्या ठायीं आहे, त्यांच्या हिशेबांत मूळ रहिवाशांचें पान मात्र फार उशिरां उघडलें. मिसूरीवर गॅरिसन धरण बांधण्यासाठीं मँडन, हिडात्सा व अरिकारा यांची दीड लाख एकरांहून अधिक जमीन, तीहि नदीकांठची उत्तम, केंद्र सरकारनें घेतली. १९४८ सालीं करारावर सही होत असतां जमातींचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट हातानें तोंड झांकून रडले. तें छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९५३ सालीं पाणी अडलें, गांवें बुडालीं. वाढीव भरपाई म्हणून सुमारें १४ कोटी ९० लक्ष डॉलर काँग्रेसनें मंजूर केले ते १९९२ सालीं.

मतदारांची आगाऊ नोंदणीच न ठेवणारें हें एकमेव संस्थान. तरीहि मतदानाच्या वेळीं घराच्या पत्त्याचा पुरावा मागण्याच्या नियमामुळें, जेथें रस्त्यांस नांवें व घरांस क्रमांक नाहींत अशा राखीव वस्त्यांतील लोकांची २०१८ च्या निवडणुकींत मोठी अडवणूक झाली. दोन वर्षांनीं तडजोड होऊन, आपलें घर नकाशावर खूण करून दाखविण्याची मुभा त्यांस मिळाली.