आधी जागा धरा, मग अक्षरं भरा!

मीरा-भाईंदरमध्ये उत्तनला लागून पाली नावाचं गाव आहे, कोळ्यांचं. तिथे बोंबील वाळवताना पाहिलेत का कधी? बांबू रोवायचे, आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या दोरीवर टांगायच्या. आता समजा, दोरी भरली, टोपलीत अजून एक जोडी उरली आणि पुढचे बांबू शेजारच्या घराचे निघाले. मग सगळे बोंबील उतरवून दुसऱ्या, लांब दोरीवर टांगायचे? कुठलीही कोळीण असा उद्योग करणार नाही!

संगणक मात्र करतो. त्याच्या स्मृतीतही आपल्या मजकुराशेजारची जागा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी अडवलेली असते. त्यातून जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेचा हट्ट असा, की एकदा तयार झालेला मजकूर बदलायचा नाही. शेवटी एकच अक्षर जोडा. ती नवी जागा शोधणार आणि जुनी सगळी अक्षरं तिथे पुन्हा उतरवणार. असं एकेक करत १,००० अक्षरं जोडलीत, तर ०+१+२ करत ९९९ पर्यंतची बेरीज होते. किती? ४,९९,५००! हजार अक्षरांसाठी पाच लाखांच्या आसपास नकला. बिचारा संगणक!

म्हणून जावातच ‘स्ट्रिंगबिल्डर’ नावाचा एक हुशार गडी आहे. तो सुरुवातीलाच १६ अक्षरांची जागा धरून बसतो. ती भरली की दुप्पट अधिक दोन, म्हणजे ३४. मग ७०, १४२, २८६, ५७४ आणि ११५०. हलवाहलव होते ती फक्त या सहा उड्यांच्या वेळी. नकला किती? १,१२२. कुठे पाच लाख आणि कुठे हे!

आणि ‘मला १,००० अक्षरं लागणार आहेत’ असं त्याला आधीच सांगितलंत तर? एकही नक्कल नाही. पायथॉन या भाषेतला, मजकुराचे तुकडे जोडणारा ‘जॉइन’ हेच करतो: आधी सगळ्या तुकड्यांची लांबी मोजतो, एकदाच जागा मागतो आणि मग भरतो. उगाच दहा लाखांची जागा धरून ठेवू नका हं. ती रिकामी अडून राहते.

आपल्या मराठीची मात्र इथे एक गंमत आहे. रस्ट या भाषेत जागा अक्षरांत नाही, बाइटमध्ये मागावी लागते. रोमन लिपीत ‘पाली’ लिहायला ४ बाइट पुरतात. देवनागरीत प, काना, ल आणि वेलांटी अशी चार चिन्हं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट. झाले १२! १,००० बाइट धरून मराठी लिहायला बसलात, तर ३३३ चिन्हांतच जागा संपेल.

आता ‘मीरा-भाईंदर’ मोजून बघा. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं वेगवेगळं धरायचं. ३१ बाइट आले ना? मधली ती आडवी रेघ एकाच बाइटची असते!