फोडणीचा भात खा, पण रात्री तो ओट्यावर ठेवू नका

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकणं ही आपली जुनी, शहाणी काटकसर. ती सोडायची अजिबात गरज नाही. गडबड होते ती रात्रभरात.

तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि भात शिजला तरी ते तग धरतात. कोमट, ओलसर भातात ते वाढतात. त्यांचे काही प्रकार उलट्या घडवणारं विष तयार करतात आणि हे विष उष्णतेला दाद देत नाही. मग हिंग-मोहरीची कितीही खमंग फोडणी द्या! वासावरूनही कळेलच असं नाही.

उपाय बिनखर्ची आहे. जेवणं झाली की भात परातीत पसरा, म्हणजे लवकर निवेल. तासा-दोन तासांत झाकून फ्रिजमध्ये ठेवा (तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा कमी). दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवा.

उरलेला भात असा वाचवता येतो; बुरशी आलेले शेंगदाणे मात्र सरळ फेका. भाजूनही त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष पूर्ण जात नाही.

आणि ‘बेस्ट बिफोर’ उलटली म्हणून न फोडलेला रवा लगेच टाकू नका. ती तारीख दर्जाची असते. ‘एक्सपायरी’ मात्र पाळायचीच.